व्होल्टला पट्ट्या नसतात

सिंथेसायझरचा विषय निघाला की आपल्याकडे दोन माणसं हमखास भेटतात. पहिला गाण्याच्या क्लासमधला. तो म्हणतो, "त्यात मींड नाही, श्रुती नाहीत. बटणं दाबून कुठं गाणं होतं का?" दुसरा हेडफोन गळ्यात अडकवून लॅपटॉपसमोर बसलेला. तो म्हणतो, "सिंथ मुळातच पाश्चात्त्य. राग आणायचाय ना? मग खाली तंबोरा लाव, वर सतारीचा एक तुकडा चिकटव, काम झालं." दोघं एकमेकांना मनातल्या मनात नावं ठेवतात. पण एक गोष्ट दोघांनीही न तपासता मान्य केलेली असते: सिंथेसायझर म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या.

हा लेख त्या दोघांच्याही विरोधात आहे.

अ‍ॅनालॉग सिंथेसायझरच्या पोटात पट्ट्या नसतात. तिथं व्होल्टेज असतं, आणि व्होल्टेज सलग असतं. गळ्याइतकं, सारंगीच्या तारेइतकं सलग. त्याचे बारा तुकडे करणारी वस्तू वेगळी आहे, बाहेरून जोडलेली आहे आणि काढून ठेवता येते. ती जागची न हलवता 'या वाद्यात आपलं संगीत बसत नाही' म्हणायचं, म्हणजे दाराला बाहेरून कडी घालायची आणि आत कुणी राहतच नाही असं गावभर सांगायचं.

दहा व्होल्टमध्ये मावणारा कान

आधी यंत्र नीट पाहू. भांडणाचा निकाल तपशिलातच लागणार आहे.

सिंथेसायझरमध्ये स्वर निर्माण करणाऱ्या सर्किटला ऑसिलेटर म्हणतात. ते सेकंदाला २२० वेळा कंप पावलं की एक स्वर ऐकू येतो. ४४० वेळा पावलं की तोच स्वर वरच्या सप्तकात. कंपनसंख्या बदलायची तर नॉब फिरवायचा. रॉबर्ट मूग या अमेरिकी अभियंत्यानं हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या सोबतीनं १९६४ साली जे यंत्र उभं केलं, त्यात हा नॉब फिरवायला हात लागत नव्हता. केबलमधून व्होल्टेज पाठवायचं. ते वाढलं की स्वर चढणार, कमी झालं की उतरणार. यालाच कंट्रोल व्होल्टेज म्हणतात, थोडक्यात सीव्ही.

किती वाढलं की किती चढणार? मूगच्या यंत्रातून रूढ झालेलं प्रमाण असं: एक व्होल्ट वाढला की एक सप्तक वर. पुढं कित्येक कंपन्यांनी तेच उचललं. आज जगभर घरोघरी जोडले जाणारे युरोरॅक मॉड्यूलही, म्हणजे डीटर डोप्फर या जर्मन अभियंत्यानं नव्वदच्या दशकात सुरू केलेल्या पद्धतीचे सुटे भाग, याच हिशेबानं एकमेकांशी बोलतात.

या प्रमाणात एक गंमत आहे. सप्तक चढतं तेव्हा कंपनसंख्या दुप्पट होते: ११०, २२०, ४४०, ८८०. व्होल्टेज मात्र एक, दोन, तीन, चार असं पायरीपायरीनं वाढतं. म्हणजे आत जाताना बेरीज, बाहेर येताना गुणाकार. हे काम ट्रान्झिस्टर जात्याच करतो. नेहमीच्या तापमानाला त्याच्या बेसवर सुमारे १८ मिलिव्होल्ट वाढवले की त्यातून वाहणारा प्रवाह दुप्पट होतो. बाहेरून आलेला एक व्होल्ट त्या १८ मिलिव्होल्टपर्यंत खाली आणला, की सप्तक तयार.

माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. वीस दहा वेळा दुप्पट केले की २०,४८०. म्हणजे माणसाला ऐकू येणारा यच्चयावत स्वर दहा व्होल्टच्या आत आहे. मल्टिमीटरमध्ये घालतो त्या चौकोनी बॅटरीत नऊ सप्तकं मावतात! त्या मानानं ६१ पट्ट्यांचा मोठा कीबोर्ड पाच व्होल्टमध्ये संपतो.

आता उलटं, खाली उतरत जा. वीस हर्ट्झच्या खाली स्वर विरतो आणि सुटे ठोके ऐकू यायला लागतात. आणखी पाच व्होल्ट उतरलात की ऑसिलेटर दीड सेकंदाला एक ठोका देतो. ही विलंबित लय झाली. त्याच सर्किटमधून, तोच नॉब खाली आणून, खर्जाची लय होते. सुराला आणि लयीला एकाच धाग्यात ओवणारं दुसरं वाद्य चटकन सांगा बरं. आणि या वाद्याला आपण 'बटणं' म्हणून हिणवतो.

सा कुठे आहे, ते तुम्ही सांगायचं

आता माझा मुख्य मुद्दा.

'एक व्होल्टला एक सप्तक' हा करार फक्त अंतराबद्दल बोलतो. शून्य व्होल्टला कुठला स्वर वाजावा, हे तो सांगत नाही. ते ऑसिलेटरवरचा नॉब ठरवतो, म्हणजे तुम्ही ठरवता. सा कुठंही धरा, त्याच्यापासूनची अंतरं तीच राहतात. काळी चारमध्ये बसवलेली बंदिश पांढरी दोनमध्ये न्यायची असेल तर ठरावीक व्होल्टेज मिळवा किंवा वजा करा. सगळी बंदिश, तिच्यातल्या मींडा आणि गमकांसकट, जशीच्या तशी सरकते.

हे वाचून काही आठवलं? आपल्याकडे गवई बसतो, तंबोरा आपल्या गळ्याला मिळवून घेतो आणि तिथं सा धरतो. त्याचा सा किती हर्ट्झचा आहे हे कुणी विचारत नाही. त्या सापासून गंधार किती दूर आहे, याच्यावर मात्र मैफल उभी राहते किंवा पडते. ऑसिलेटर नेमका हाच विचार करतो. चल षड्जाची कल्पना सर्किटमध्ये उतरवायची म्हटली असती तर याहून सोयीची पद्धत सापडणं कठीण होतं.

दुसरी पद्धत अस्तित्वात होती, म्हणून हे जास्त महत्त्वाचं. जपानी कंपनी कॉर्गच्या १९७८ च्या एमएस-२० मध्ये व्होल्टेजच्या थेट प्रमाणात कंपनसंख्या वाढते: एका व्होल्टला एक स्वर, दोन व्होल्टला त्याच्या वरचं सप्तक, चारला त्याच्याही वरचं. यामाहाच्याही काही यंत्रांनी हाच मार्ग घेतला. सर्किट सोपं, स्वर स्थिर. पण इथं सा बदलायचा तर बेरीज पुरत नाही, प्रत्येक व्होल्टेजला गुणावं लागतं. दोन केबलमधली व्होल्टेजं एकत्र करून बेरीज करणं सोपं, गुणाकार करणं अवघड. बेरजेची पद्धत जास्त पसरली त्यामागचं एक मोठं कारण हेच. म्हणजे ज्या पद्धतीत सा हलवणं सहज होतं, तीच जिंकली. आणि आपण त्या वाद्याला परकं ठरवलं.

मग पट्ट्या आल्या कुठून?

'पट्टी' हा आपला शब्द मोठा बोलका आहे. पेटीची पट्टी, गाण्याची पट्टी आणि शाळेत वहीवर रेघ मारायची पट्टी, तिन्हीला एकच शब्द. पेटी आपल्या घरात इतकी मुरली की गळ्याच्या उंचीलाही आपण 'काळी चार' म्हणतो. मोजायची वस्तू आणि मोजली जाणारी गोष्ट यांतला फरक तिथंच पुसट झाला.

सिंथेसायझरचंही तेच झालं. सुरुवातीच्या कीबोर्डमध्ये सारख्या किमतीच्या रेझिस्टरची एक माळ असे. पट्टी दाबली की माळेतल्या त्या ठिकाणचं व्होल्टेज उचललं जाई. शेजारच्या दोन पट्ट्यांत अंतर एक बारांश व्होल्ट, म्हणजे ८३.३ मिलिव्होल्ट. बारा तुकडे इथं पडतात, या माळेत. ऑसिलेटरला त्याचा पत्ताही नसतो. त्याला ८३ मिलिव्होल्ट दिले तरी चालतात, ७१ दिले तरी चालतात.

आणि हे मूगना माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? त्यांनी धंद्याला सुरुवातच थेरेमिनपासून केली. हवेत हात हलवून वाजवायचं, एकही पट्टी नसलेलं ते वाद्य ते विद्यार्थिदशेपासून बनवून विकत होते. त्यांच्या सिंथेसायझरला रिबनही जोडता यायची: एक लांब पट्टा, त्यावर बोट सरकेल तसा स्वर सरकणार. त्याच काळात सॅन फ्रान्सिस्कोत डॉन बुकला यांनी बांधलेल्या यंत्रात पियानोच्या पट्ट्यांना जागाच नव्हती, स्पर्शाला प्रतिसाद देणारे पत्रे होते. मॉर्टन सबॉटनिक यांची 'सिल्व्हर अ‍ॅपल्स ऑफ द मून' ही १९६७ ची तबकडी बुकलाच्या यंत्रावर झाली.

मग १९६८ साली वेंडी कार्लोस यांची 'स्विच्ड-ऑन बाख' आली. मूगच्या यंत्रावर बाखच्या रचना. तबकडी तुफान खपली आणि सिंथेसायझर म्हणजे 'वेगळ्या आवाजाचा पियानो' ही समजूत घट्ट झाली. १९७० च्या मिनीमूगमध्ये पट्ट्या आणि सर्किट एकाच खोक्यात बसले. १९८३ मध्ये मिडी आलं, आणि स्वराला थेट क्रमांक मिळाला: ० ते १२७. मिडीला ६९ माहीत आहे, ७० माहीत आहे, साडेएकोणसत्तर नाही. मधे जायचं असेल तर 'पिच बेंड', म्हणजे स्वर वाकवणं. शब्दच पाहा ना! सरळ म्हणजे पट्टीवरचा, बाकीचा वाकडा. शिवाय हे वाकवणं त्या चॅनलवरच्या सगळ्या स्वरांना एकदम लागू. प्रत्येक स्वराला स्वतंत्र सरकता यावं यासाठीची एमपीई ही पद्धत अधिकृत व्हायला २०१८ उजाडलं.

कुणी कट केला होता असं मला म्हणायचं नाही. पट्ट्या विकायला सोप्या होत्या, शिकवायला सोप्या होत्या. पण सोय म्हणून आलेली गोष्ट सवय होते, आणि सवय लवकरच नियम म्हणून मिरवते.

साडेअकरा मिलिव्होल्टचा गंधार

"बारीक फरक आहे हो, कोण ऐकतं?" हा पुढचा प्रश्न. म्हणून एक हिशेब मांडतो.

तंबोरा नीट मिळाला की खर्जाच्या तारेतून, कुणी न छेडता, गंधार ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. सा आणि हा गंधार यांचं प्रमाण ४ ला ५. व्होल्टच्या भाषेत सापासून ०.३२१९ व्होल्ट. कीबोर्डवरचा गंधार सापासून चार पट्ट्या दूर, म्हणजे ०.३३३३ व्होल्ट. फरक साडेअकरा मिलिव्होल्टच्या आसपास.

हा फरक कानाला कसा लागतो? खर्जाची तार ११० हर्ट्झची धरा. तिच्यात पाचपट कंपनांचा, म्हणजे ५५० हर्ट्झचा अंश असतोच. त्यावर कीबोर्डचा त्याच उंचीचा गंधार ठेवला तर तो येतो ५५४.४ हर्ट्झचा. दोघं एकत्र वाजले की सेकंदाला चारपेक्षा जास्त वेळा आवाज डुचमळतो. तंबोऱ्याशेजारी बसलेल्या कुणालाही तो ऐकू येईल, शास्त्र शिकलेलं असायची गरज नाही. पंचमाचं मात्र तसं नाही. तिथं फरक दीड-पावणेदोन मिलिव्होल्टचा, जवळजवळ नसल्यासारखा. म्हणजे पट्टी सगळीकडे सारखी चुकत नाही. ती गंधारावर अन्याय करते आणि पंचमाला सोडून देते. कोमल ऋषभ, दरबारीतला आंदोलित गंधार यांच्याबद्दल तर बोलायलाच नको.

हे दुखणं आपल्याकडे जुनं आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींवर १९१० साली पुस्तक लिहिलं, आणि ते व अर्नेस्ट क्लेमेंट्स हा ब्रिटिश सनदी अधिकारी यांच्या खटपटीतून श्रुती-हार्मोनियम तयार झाली. ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत चालली. त्या वादात पेटीविरुद्धचा आक्षेप निदान खरा होता: पितळेची जिभली कापली तेवढाच सूर देणार, बोटानं ती हलत नाही. पण तोच आक्षेप सिंथेसायझरला लावणारे पेटीचा खटला भलत्याच आरोपीवर चालवतात. पेटीत पट्टी काढली तर सूरच उरत नाही. सिंथमध्ये पट्टी काढली तर सगळे सूर उरतात.

'उबदार' बेसूर आणि आळशी मींड

आता लॅपटॉपवाल्या मित्राकडे वळतो. त्याला यातलं निम्मं ठाऊक असतं, आणि निम्मं ठाऊक असणं जास्त घातक.

त्याचं लाडकं वाक्य: अ‍ॅनालॉगचा सूर थोडा हलतो, म्हणूनच तो उबदार, म्हणूनच तो 'आपल्या' श्रुतींच्या जवळचा. साफ खोटं. सूर हलतो कारण ट्रान्झिस्टरला उकडतं. त्या १८ मिलिव्होल्टचा हिशेब तापमानावर अवलंबून आहे. काही उपाय केला नाही तर एका अंशानं तापमान बदललं की प्रमाण सुमारे ०.३३ टक्क्यांनी ढळतं, आणि सापासून तीन सप्तकं वरचा स्वर जवळपास १२ सेंट सरकतो. एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत १०० सेंट असतात. बारा सेंट म्हणजे स्वयंभू गंधार आणि पट्टीचा गंधार यांच्यातल्या अंतराएवढंच जवळपास! म्हणूनच चांगल्या ऑसिलेटरमध्ये तापमानासोबत बदलणारा खास रेझिस्टर घालून हा दोष भरून काढतात. पंखा बंद झाला म्हणून गंधार उतरला, याला श्रुती म्हणत नाहीत. श्रुती गवई लावतो, ती लागून जात नाही. बेसूर होण्याला स्वातंत्र्य म्हणू नका.

दुसरी पळवाट म्हणजे 'ग्लाइड'चा नॉब. दोन स्वरांमधलं व्होल्टेज उडी न मारता घसरत जावं म्हणून तिथं एक कपॅसिटर बसवलेला असतो. साध्या सर्किटमध्ये त्याची चाल ठरलेली: निघताना वेगात, पोचताना मंद. प्रत्येक वेळी तशीच, प्रत्येक स्वराला तशीच. मींड अशी असते का? मींड मधल्या स्वराला स्पर्श करून पुढं जाते, कधी पोचायच्या आधी क्षणभर रेंगाळते, कधी ओलांडून परत येते. तिचा आकार रागाप्रमाणे बदलतो. कपॅसिटरला राग कळत नाही. आंदोलनाचंही तेच. एलएफओ, म्हणजे संथ ऑसिलेटर, जोडला की स्वर दोन्ही बाजूंना सारखाच हलायला लागतो. आंदोलनाला मात्र एक बाजू असते, झुकाव असतो.

यावर उपाय पुन्हा व्होल्टेजच आहे, फक्त त्याच्यावर हात हवा. रिबन, जॉयस्टिक, दाब ओळखणारं पॅड, वक्र काढता येणारं मॉड्यूल. मेहनत आहे. पण मेहनत टाळायची आणि वर 'वाद्यातच नाही' म्हणायचं, हे चालणार नाही.

उशिरा ओळखलेली माणसं

आपल्याकडे हे कुणी केलंच नाही, असंही समजू नका. १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकारानं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूगच्या यंत्राभोवती इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला. पखवाज वाजवणाऱ्या गीता साराभाईंसह काही भारतीयांनी तिथं रचना केल्या. त्या फिती दशकानुदशकं पडून होत्या. निवडक रचना २०२३ मध्ये प्रकाशित झाल्या.

मुंबईत हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंडची तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्यातल्या टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. तबकडी फारशी चालली नाही. २०१० मध्ये ती युरोपातून पुन्हा निघाली तेव्हा जगाला कौतुक वाटलं ते शिकागोतल्या अ‍ॅसिड हाउसच्या आधी तसाच आवाज मुंबईत निघाला होता याचं. आपणही तेवढंच कौतुक उचललं. भैरव त्या यंत्रात कसा बसला, कुठं बसला नाही, यावर आपल्या संगीतवाल्यांमध्ये किती चर्चा झाली? चरणजित सिंग २०१५ मध्ये गेले.

क्वांटायझर बंद करा

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. पट्ट्यांनी लाखो लोकांना संगीत दिलं; एक समान प्रमाण नसतं तर एका कंपनीचं मॉड्यूल दुसरीशी बोललंच नसतं. मान्य. म्हणूनच माझं भांडण प्रमाणाशी नाही. व्होल्ट आणि सप्तकाचा करार मला हवाच आहे, तो आपल्या बाजूचा आहे. माझं भांडण त्या बारा तुकड्यांना वाद्याचा स्वभाव समजण्याशी आहे.

हे भांडण आता करायचं कारणही आहे. आज एखादी मुलगी संगीताचं अ‍ॅप उघडते तेव्हा बहुतेकदा तिच्यासमोर पियानोच्या पट्ट्या येतात. ती गाते, तर सूर 'दुरुस्त' करणारं सॉफ्टवेअर तिचा गंधार उचलून जवळच्या पट्टीवर ठेवतं. तिचा कान तिथं घडतो. पुढं ती तंबोऱ्यापाशी बसली तर तंबोराच बेसूर वाटेल अशी वेळ यायला फार वर्षं लागणार नाहीत.

तेव्हा गाण्याच्या शिक्षकांना माझं सांगणं: वर्गात एक ऑसिलेटर आणा. मुलांच्या हातात नॉब द्या आणि तंबोऱ्यावर गंधार लावायला सांगा. डुचमळणं थांबलं की गंधार लागला. श्रुतींवरच्या दहा व्याख्यानांत कळत नाही ते दहा मिनिटांत कानाला कळेल. आणि संगीत बनवणाऱ्यांना सांगणं: पैशांचं कारण देऊ नका. व्हीसीव्ही रॅक हे संगणकावरचं मॉड्युलर सिंथ फुकट मिळतं आणि तेही एक व्होल्टला एक सप्तक याच हिशेबानं चालतं. त्यात व्होल्टेजला जवळच्या पट्टीवर ओढून नेणारं मॉड्यूल असतं, त्याला क्वांटायझर म्हणतात. त्याची केबल एक महिना काढून ठेवा. सापासून ०.३२१९ व्होल्टवर या आणि ऐका. मग ठरवा, कमी कुणात होतं.